अतिक्रमणाची फौजदारी केस: कोर्टात नेमकं काय सिद्ध करावं लागतं आणि त्याची तयारी पहिल्या दिवसापासून कशी करायची

खरेदीखत आहे, मोजणीचा नकाशा आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, तरीही अतिक्रमणाच्या फौजदारी केसमध्ये आरोपी निर्दोष सुटतो. जुळे सोलापुरातला मोकळा प्लॉट असो, अक्कलकोट रोडवरचं यंत्रमागाचं शेड असो की मोहोळ-बार्शीकडचं बांधाचं भांडण असो, निकालात चूक बहुतेक वेळा एकच दिसते. फिर्यादी मालकी सिद्ध करण्याच्या मागे लागतो आणि कोर्टाला उत्तर हवं असतं दुसऱ्याच दोन प्रश्नांचं. घटनेच्या वेळी ताबा कोणाकडे होता? आणि आत येणाऱ्याचा हेतू काय होता?

ही केस सरकार विरुद्ध आरोपी अशी चालते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात ती सहायक सरकारी अभियोक्ता चालवतात. तुम्ही फिर्यादी आणि बहुधा पहिले साक्षीदार असता. तुमच्या फिर्यादीत आणि पोलिसांच्या दोषारोपपत्रात जे आलेलं नाही, ते अभियोक्त्यांना नंतर कुठून आणता येत नाही. म्हणून तयारीची सुरुवात घटनेच्या दिवशीच करावी लागते.

## टप्पा १: कोणता कायदा, कोणतं कलम

आधी घटनेची तारीख बघा. १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरची घटना असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ लागतं. त्याआधीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड संहितेची ४४१, ४४२, ४४७ आणि ४४८ ही कलमंच लागू राहतात, गुन्हा कधीही नोंदवला तरी.

कलम ३२९ चे चार भाग आहेत. (१) मध्ये फौजदारीपात्र अतिक्रमणाची व्याख्या आणि (२) मध्ये गृह अतिक्रमणाची. (३) नुसार साध्या अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (४) नुसार गृह अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा तेवढाच दंड किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंडाची मर्यादा अनुक्रमे ५०० आणि १,००० रुपये होती.

गृह अतिक्रमण म्हणजे फक्त राहतं घर, असा समज आहे. माणसांच्या वस्तीसाठी वापरली जाणारी इमारत किंवा तंबू, प्रार्थनेची इमारत आणि मालमत्ता ठेवण्यासाठी वापरली जाणारी इमारत, हे सगळं त्यात येतं. सुताच्या गाठी ठेवायचा गाळा किंवा बेदाण्याचं गोदाम असेल तर (४) लावा म्हणून पोलिसांना सांगा. आरोपीच्या शरीराचा कोणताही भाग आत आला तरी शिरकाव झाला, असं कायदा मानतो. दाराच्या फटीतून हात घालून कडी काढली तरी तो शिरकावच.

मारहाण, नुकसान, धमकी, चोरी असं काही सोबत घडलं असेल तर त्याची स्वतंत्र कलमं लागतात. मारहाणीची तयारी करून कोणी घरात घुसला तर कलम ३३३ येतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. अनेकजण मिळून आले असतील तर समान उद्देशासाठी कलम ३(५) लागतं का, हेही तपासी अंमलदारांना विचारा.

तपासा: साधं अतिक्रमण आणि गृह अतिक्रमण हे दोन्ही दखलपात्र गुन्हे आहेत, म्हणजे पोलीस थेट एफआयआर नोंदवून तपास करू शकतात. पोलीस ठाण्यात ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून हातात कागद दिला तर तो घेऊन घरी येऊ नका. एफआयआर नोंदवा म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तरीही नोंद झाली नाही तर शहरात पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने लेखी तक्रार पाठवा. त्यानंतर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ही पायरी वगळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच अडकतो.

सावधान, मुदती: एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला एक वर्षाचीच मुदत आहे. ‘बघू, समजुतीने मिटतंय का’ म्हणत दहा-अकरा महिने गेले की केस धोक्यात येते. फौजदारी केस चालू आहे म्हणून ताबा आपोआप परत मिळेल, हाही गैरसमज. जागेतून बाहेर काढलं गेलं असेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खालचा दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. शेतजमीन, पाण्याची वाट किंवा रस्ता असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, आणि तिथेही मुदत सहा महिन्यांचीच आहे. हे मार्ग फौजदारी केससोबतच चालवता येतात. निकालाची वाट बघत थांबलात तर मुदती उलटून जातात.

## टप्पा २: सरकार पक्षाला सिद्ध कराव्या लागणाऱ्या पाच गोष्टी

१. मालमत्ता नेमकी कोणती, तिच्या चतुःसीमा काय.
२. घटनेच्या वेळी ती आरोपीखेरीज दुसऱ्या कोणाच्या ताब्यात होती.
३. आरोपी तिच्यात शिरला, किंवा आधी कायदेशीरपणे आत येऊन नंतर बेकायदा थांबून राहिला.
४. तो माणूस आरोपीच होता.
५. शिरताना किंवा थांबताना त्याचा हेतू गुन्हा करण्याचा, किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा किंवा त्रास देण्याचा होता.

पाचही गोष्टी वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हाव्या लागतात. चार भक्कम आणि एक लंगडी असली तरी निर्दोष सुटका होते. पहिली आणि चौथी बहुतेक वेळा सोपी असते. केस पडते ती दुसऱ्या आणि पाचव्या मुद्द्यावर.

तिसऱ्या मुद्द्यात एक निवड दडलेली आहे, ती आधीच करा. आरोपी सुरुवातीपासूनच वाईट हेतूने शिरला, की परवानगीने आला आणि मग जायला नकार दिला? दोन्ही एकत्र लिहिलं तर बचावाचे वकील एकाच्या आधारे दुसरं खोडतात.

## टप्पा ३: ताबा दाखवणारे कागद गोळा करा

ताबा म्हणजे जागेचा प्रत्यक्ष वापर आणि दुसऱ्याला बाहेर ठेवण्याची ताकद. किल्ली कोणाकडे, वीज कोण वापरतं, पीक कोण काढतं, कुंपण कोणी घातलं, यावर तो ठरतो.

शहरातल्या जागेसाठी: महावितरणची बिलं, पाणीपट्टी, महापालिकेच्या घरपट्टीच्या पावत्या, भाडेकरार, दुकान असेल तर परवाना, यंत्रमाग असतील तर कामगारांचं मजुरी रजिस्टर आणि सूत आल्याची चलनं. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड जोडा, पण ते मालकीकडे बोट दाखवतं. ताब्यासाठी त्याच्या शेजारी वापराचा पुरावा लागतो.

शेतजमिनीसाठी सातबाऱ्यातला सात नंबर मालकी सांगतो. पिकाची नोंद असते ती बारा नंबरवर. ई-पीक पाहणीची नोंद, साखर कारखान्याला ऊस गेल्याच्या पावत्या, डाळिंबाच्या विक्रीच्या पट्ट्या, ठिबकची बिलं आणि शेजारच्या शेतकऱ्याची साक्ष यांतून त्या हंगामात रान कोण कसत होतं ते कळतं. घटनेच्या लगतची कागदपत्रं वर ठेवा, पंधरा वर्षांपूर्वीची खाली.

मोकळ्या प्लॉटचं काम अवघड. पडीक जागेचा ताबा मालकाकडे आहे असं गृहीत धरलं जातं खरं, पण समोरच्याने वर्षभर तिथे पत्र्याचं शेड टाकून ठेवलं असेल आणि तुम्ही पुण्यात राहत असाल तर ते गृहीत टिकत नाही. प्लॉट बिनबांधकाम ठेवायचाच असेल तर तारेचं कुंपण, नावाचा बोर्ड आणि अधूनमधून तारखेसह काढलेले फोटो एवढं आजच करा.

तीन प्रकारच्या भांडणांत ही केस सहसा टिकत नाही, हे दाखल करण्याआधीच लक्षात घ्या.

पहिला, वाटणी न झालेला वडिलोपार्जित वाडा. चुलतभाऊ सहमालक म्हणून आत आला तर जागा ‘दुसऱ्याच्या’ ताब्यात होती हेच दाखवता येत नाही. खोल्या ठरलेल्या आहेत आणि कुलपं वेगळी आहेत असं असेल तर त्या खोलीपुरता मुद्दा मांडता येतो.

दुसरा, मुदत संपलेला भाडेकरू. तो आत आला तेव्हा कायदेशीरच आला होता. भाडं थकवलं, करार संपला, नोटीस दिली, एवढ्याने तो फौजदारी अतिक्रमक होत नाही. त्याला काढायला दिवाणी कोर्टच लागतं. इंटरनेटवर ‘नोटीस देऊनही जागा सोडली नाही तर ४४१ लागतं’ असं वाचायला मिळतं, ते उत्तर प्रदेशाने त्या कलमाला केलेल्या राज्य दुरुस्तीचं आहे. महाराष्ट्रात तो आधार नाही. उलट, भाडेकरूच्या खोलीला मालकाने परस्पर कुलूप लावलं तर गुन्हा मालकावर दाखल होऊ शकतो.

तिसरा, बांधाचं भांडण, जिथे दोघांनाही आपलीच हद्द खरी वाटते. बांध आपला आहे असं प्रामाणिकपणे समजून कोणी नांगर घातला तर हेतू सिद्ध होणं कठीण. आधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणून हद्दीच्या खुणा कायम करा. मोजणी झाल्यावर, खुणा डोळ्यांसमोर असताना त्याने पुन्हा बांध कोरला तर मात्र प्रामाणिक समजुतीचा बचाव उरत नाही.

सावधान: समोरच्याचा ताबा स्थिरावला असेल तर चार माणसं घेऊन कुलूप तोडायला जाऊ नका. स्थिर ताबा असलेल्याला, तो मालक नसला तरी, कायद्याच्या मार्गानेच काढता येतं असं सर्वोच्च न्यायालयाने रामे गौडा विरुद्ध एम. वरदप्पा नायडू (२००४) या निकालात स्पष्ट केलं आहे. तुम्ही फिर्यादीचे आरोपी व्हाल.

## टप्पा ४: हेतू, जिथे बहुतेक केस हरतात

‘त्याच्या येण्याने आम्हाला मनस्ताप झाला’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक फिर्यादीत असतं आणि एकट्याने ते निरुपयोगी ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने माथरी विरुद्ध पंजाब राज्य (‘एआयआर’ म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर हा निकालसंग्रह, १९६४, पान ९८६) या प्रकरणात ही रेघ आखून दिली आहे. आपल्या कृतीने समोरच्याला त्रास होईल हे आरोपीला माहीत होतं, एवढं पुरत नाही. त्रास देणं हा त्याच्या शिरण्यामागचा उद्देश असावा लागतो. त्रास हा स्वाभाविक परिणाम होता ही गोष्ट बाकीच्या परिस्थितीसोबत विचारात घेता येते, पण तीच पुरावा होत नाही.

मनातलं कोर्टाला दिसत नाही, म्हणून हेतू परिस्थितीतून काढला जातो. ती परिस्थिती गोळा करणं हे फिर्यादीचं खरं काम आहे:

• घटनेआधीचा वाद: जुन्या तक्रारी, वकिलाची नोटीस, मनाई हुकूम, व्हॉट्सअपवरचे निरोप. मनाई हुकूम माहीत असताना तो शिरला, हा सगळ्यांत बोलका पुरावा.
• शिरण्याची पद्धत: दार ठोठावून की कुलूप तोडून, दिवसा की मध्यरात्री, एकटा की दहाजण, हातात काय होतं.
• आत गेल्यावर काय केलं: मागाचे पट्टे कापले, सामान रस्त्यावर फेकलं, महिलांसमोर अर्वाच्य बोलला.
• काय बोलला: शब्दशः.
• ‘बाहेर जा’ म्हटल्यावर काय केलं: गेला, की खुर्ची टाकून बसला.

बोललेल्या शब्दांबद्दल सोलापुरात विशेष काळजी लागते. पूर्व भागात भांडण तेलुगूत होतं, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातल्या कित्येक गावांत कन्नडमध्ये होतं, आणि फिर्याद मराठीत लिहिली जाते. लिहिताना धमकीचं नेमकं वाक्य जातं आणि ‘शिवीगाळ व दमदाटी केली’ एवढंच उरतं. तेवढ्या शब्दांतून कोणताही न्यायाधीश हेतू काढू शकत नाही. मूळ वाक्य जसंच्या तसं देवनागरीत लिहायला लावा आणि पुढे त्याचा मराठी अर्थ लिहायला लावा. लाज वाटेल असा शब्द असला तरी वगळू नका.

घटनेच्या वेळी तुम्ही जागेवर नसाल तरी केस होऊ शकते. ताबेदार तिथे हजरच असला पाहिजे असे शब्द कलमात नाहीत. पण मग धमकी आणि अपमान बाजूला पडतात आणि ‘गुन्हा करण्याचा हेतू’ दाखवावा लागतो: चोरी, नुकसान किंवा असंच काही.

## टप्पा ५: फिर्याद लिहिताना

नेहमी दिसणारं वाक्य असं असतं:

‘आरोपी नं. १ ते ४ यांनी संगनमताने माझ्या मालकीच्या जागेत बेकायदेशीर घुसून मला शिवीगाळ व दमदाटी केली.’

यात ताबा नाही, कोणी काय केलं नाही, शब्द नाहीत. समजा घटना यंत्रमाग शेडची आहे. तर असं लिहा:

‘सदर शेड मी सन २०१६ पासून स्वतः वापरतो, वीजबिल माझ्या नावे आहे व किल्ली माझ्याकडेच असते. त्या दिवशी दुपारी दोन वाजता कामगार गेल्यावर मी कुलूप लावले. सायंकाळी सहाच्या सुमारास परत आलो असता आरोपी नं. १ हा दगडाने कुलूप तोडताना दिसला. आरोपी नं. २ हातात लोखंडी पाइप घेऊन त्याच्या मागोमाग आत आला. मी त्यांना बाहेर जा म्हणालो असता आरोपी नं. १ म्हणाला, “उद्या माग चालू केलास तर हात शाबूत राहणार नाहीत.” आरोपी नं. ३ व ४ दाराबाहेर उभे होते.’

तिसरा आणि चौथा बाहेर उभे होते हे खरं असेल तर तसंच लिहा. घरातल्या सगळ्यांना गोवण्यासाठी ‘चौघेही आत घुसले’ लिहिलं आणि उलटतपासात एकाबद्दल ते खोटं निघालं, की उरलेल्या तिघांबद्दलचा विश्वासही उडतो. चांगल्या केस याच मोहाने गेल्या आहेत.

तपासा: सही करण्याआधी फिर्याद स्वतः वाचा, किंवा मराठी वाचता येत नसेल तर वाचून घ्या. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती त्याच दिवशी घ्या. उशिरा फिर्याद देत असाल तर उशिराचं कारण फिर्यादीतच येऊ द्या: दवाखान्यात होतो, पोलिसांनी आधी एनसी घेतली, गावातल्या पंचांनी थांबायला सांगितलं, जे खरं असेल ते.

## टप्पा ६: पंचनामा आणि मोबाइलमधला पुरावा

घटनेच्या वेळी ११२ वर फोन केला असेल तर त्याची वेळ नोंदवून ठेवा. पोलीस कधी आले आणि तेव्हा आरोपी कुठे होता हे त्यातून जुळतं. तुटलेलं कुलूप उचलून टाकू नका, नवं लावायची घाई करू नका. पंचनाम्यात चतुःसीमा, दाराची दिशा, कुलूप, तुटलेल्या वस्तू आणि आतलं तुमचं सामान हे सगळं यावं. आतलं सामान ताब्याचा पुरावा आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पंच नात्यातले नसावेत, आणि कोर्टात यायला तयार असावेत. पंच फितूर झाला म्हणून केस संपत नाही, पण तिचा एक पाय जातो.

व्हिडिओ असेल तर तो काटछाट न करता मूळ मोबाइलमध्येच ठेवा. व्हॉट्सअपवरून फिरवलेली प्रत कोर्टात अडचण करते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं ६५ब. त्याचे आता दोन भाग आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक) त्यात द्यावं लागतं. सीसीटीव्ही शेजारच्या दुकानाचा असेल तर जुनं फुटेज पुसलं जाण्याआधी तपासी अंमलदारांना लेखी कळवा.

तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर लेखी विचारा, आणि दोषारोपपत्र जाण्याआधी ताब्याचे सगळे कागद त्यात लागले आहेत का ते बघा.

## टप्पा ७: साक्ष

हा समन्स खटला, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठीच्या सोप्या पद्धतीने चालणारा खटला असतो. आरोपीला गुन्ह्याचा तपशील सांगितला जातो, तो गुन्हा नाकबूल करतो आणि साक्षी सुरू होतात. तारखेच्या आधी सहायक सरकारी अभियोक्त्यांना भेटा, फिर्याद पुन्हा वाचा. खासगी वकील लावायचा असेल तर तो अभियोक्त्यांच्या देखरेखीखाली मदत करू शकतो आणि कोर्टाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो.

सरतपासात, म्हणजे अभियोक्ता तुम्हाला प्रश्न विचारतात तेव्हा, मालकीचा इतिहास सांगत बसू नका. ताबा, शिरकाव, ओळख, शब्द, या क्रमाने बोला. फिर्यादीत आणि पोलीस जबाबात नसलेली महत्त्वाची गोष्ट कोर्टात पहिल्यांदा सांगितली की तिला ओमिशन (आधीच्या जबाबात सांगायची राहिलेली गोष्ट) म्हणून नोंदवलं जातं आणि ती तुमच्याविरुद्ध वापरली जाते.

उलटतपास कसा जातो ते बघा:

— घरपट्टी कोणाच्या नावे आहे?
— थोरल्या भावाच्या.
— आपण राहायला कुठे?
— पुण्यात.
— घटनेआधी जागेवर शेवटचं कधी गेला होतात?
— दिवाळीत.

तीन साधे प्रश्न, आणि ताबा हलला. घरपट्टी भावाच्या नावे असली तरी वापर तुमचा होता, किल्ली रखवालदाराकडे तुमच्या वतीने होती, हे सांगणारा रखवालदार साक्षीदार म्हणून दोषारोपपत्रात असायला हवा होता. ही उणीव साक्षीच्या दिवशी भरून निघत नाही. ‘आठवत नाही’ हे खरं असेल तर तसंच म्हणा. अंदाजाने तारीख फेकू नका.

## टप्पा ८: तडजोड, निकाल आणि त्यानंतर

साधं अतिक्रमण आणि गृह अतिक्रमण हे दोन्ही गुन्हे जामीनपात्र आहेत आणि तडजोडीनेही मिटतात. मात्र तडजोड करण्याचा अधिकार कायदा अतिक्रमण झालेल्या मालमत्तेच्या ताबेदाराला देतो. नावावर जागा असलेल्या पण ताबा नसलेल्या मालकाच्या सहीने केस मिटत नाही. तडजोडीच्या पुरशिसमध्ये (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात) जागा कधी रिकामी होणार, कुलूप कोणाकडे, पुन्हा न शिरण्याची हमी, हे स्पष्ट लिहून घ्या. जागा रिकामी झाल्यावरच सही करा.

शिक्षा झाली, आणि गुन्ह्यात बळाचा वापर किंवा धमकी असून त्यामुळे तुमचा ताबा गेला असेल, तर ताबा परत देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. तो मूळ कोर्टाकडून हवा असेल तर शिक्षेनंतर एका महिन्याच्या आत व्हावा लागतो. म्हणून अर्ज तयार ठेवा आणि निकालाच्याच दिवशी द्या. आरोपी निर्दोष सुटला तर त्या निकालाविरुद्ध अपील करण्याचा अधिकार पीडितालाही आहे. निकालाची प्रमाणित प्रत लगेच मागवा, आणि ताबा व हेतू या दोन मुद्द्यांवर न्यायाधीशांनी काय लिहिलं आहे तेवढे परिच्छेद आधी वाचा. अपिलाचा आणि दिवाणी दाव्याचा पुढचा सल्ला त्या परिच्छेदांवरून ठरतो.